सत्कृत्यांचा उपास

बुधवार, १८ फेब्रुवारी

पाळकसाहेबांचं डोकं फिरलंय. दुसरं काय!

आजपासून उपासकाळ. सकाळच्या उपासनेनंतर आमच्या चर्चमध्ये ज्याने त्याने उभं राहून सांगायचं असतं – पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारपर्यंत मी अमुक सोडतो. ऑर्गनवाले काका सिगारेट सोडतात. दरवर्षी सोडतात, त्याअर्थी दरवर्षी पुन्हा धरतात! पाळकीणबाईंनी मोबाईलवरच्या मालिका सोडल्या. मी म्हटलं, साखर. तर साहेब भर मंडळीत म्हणाले, "साखर तुम्हाला कुठे जड जाते! जे सुटत नाही ते सोडायचं. तुम्ही सत्कृत्यं सोडा."

लोक हसले. मीही हसले. नंतर कळलं, माणूस गंभीर आहे.

म्हणजे चर्चमधले मेणबत्त्यांचे पितळी स्टँड घासणं बंद. रविवारच्या चहाची भांडी बंद. वरच्या मजल्यावरच्या मावशींना रोज सूप नेऊन देते, तेही बंद. दवाखान्यातलं पगाराचं काम करायचं, घरात माझ्यापुरतं करायचं, पण दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून काडीसुद्धा हलवायची नाही! "आणि घरी आजारी भाऊ आहे, त्याचं?" मी विचारलं. "त्यांचं ते करतील. डॉक्टरांनी हलकी कामं करायला सांगितलीच आहेत ना?"

मला कारण ठाऊक आहे. हा सूड आहे. मागे त्यांनी उपदेश केला – तारण ही देवाची देणगी आहे, कृपेनं मिळते, आपल्या चांगल्या कामांच्या बदल्यात नाही. मी त्यांना दारातच गाठलं. म्हटलं, मग मी इतकी वर्षं पितळ घासलं ते कशासाठी? तर म्हणे, "पितळ स्वच्छ व्हावं म्हणून." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"बरं" म्हणून आले आहे. माघार घेणाऱ्यांतली मी नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

हात शिवशिवतायत.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

बंधुराजांबद्दल लिहायला हवं. आता काम नाही, त्यामुळे घरात पाऊल टाकलं की तेच समोर!

धाकटा माझा. ऐन विशीत बोटीवर नोकरी धरली आणि गेला तो गेलाच. आई अंथरुणाला खिळली, आला नाही. आई गेली, आला नाही. आईचं सगळं मी काढलं, त्यात लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. आणि या जानेवारीत दार वाजलं, उघडते तर हा! हातात एक पिशवी, तोंडाचं बोळकं, हृदयाची एक झडप निकामी. "ताई, आहे का गं जागा?"

घेतला घरात. न घेऊन सांगते कुणाला! पहिल्याच आठवड्यात त्याला कवळी करून दिली – दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या करायच्या, हाच माझा धंदा. कपडे धुतले, पथ्याचं शिजवलं. कुणी बोट दाखवू नये असं सगळं केलं. फक्त बोलत नाही. म्हणजे "जेव", "गोळी घे", "दार लाव" एवढं बोलते.

ऑपरेशन एक एप्रिलला. त्याच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. आमच्याकडे त्यासाठी खरोखरचं लांब टेबल मांडतात. बाकावर खेटून बसायचं, पाव शेजाऱ्याच्या हातून घ्यायचा आणि आपण पुढच्याला द्यायचा. मी कधी बसत नाही. मी मांडामांड करते, ताटं आणते आणि शेवटचा तुकडा उभ्या उभ्या घेते. तर आल्या दिवसापासून याचं एकच मागणं – "ताई, त्या दिवशी माझ्या शेजारी बस. मी पाव देईन, तू घे. मग झोपवू देत मला ऑपरेशनच्या टेबलावर."

मी स्वच्छ सांगितलंय. तुझं औषधपाणी करीन, रात्री जागेन, सगळं करीन. पण शेजारी बसून तुझ्या हातून पाव घेणं जमणार नाही. आईनं इतकी वाट पाहिली, तेव्हा कुठे होता तुझा हात?

"बरं," म्हणाला. आणि हसला! हसतो फार.

साहेबांचं आणि त्याचं मेतकूट आहे. जानेवारीत साहेब भेटायला आले तेव्हा दोघं खोलीत काहीतरी कुजबुजत होते. मी चहा घेऊन गेले तर चिडीचूप. जमायचंच. एक फुकटची कृपा वाटतो, दुसरा फुकटची खातो!

रविवार, २२ फेब्रुवारी

पितळ साहेबांनी स्वतः घासलंय. घासलंय कसलं, माखलंय! उजव्या स्टँडवर पॉलिशचे पांढरे ओघळ आणि मधोमध अंगठ्याचा ठसा. अख्खा उपदेश मी त्या ठशाकडे बघत काढला. साहेबांना वाटलं, आज बाई किती एकाग्र!

बंधुराज माझ्या पुढच्या बाकावर. गीत सगळ्यांच्या आधी अर्धी ओळ संपवतात, मग मागे वळून बाकीच्यांची वाट बघतात.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मावशी जिन्यावरून ओरडल्या, "आजपण सूप नाही? मेलीस का काय!"

मला काय आनंद झाला! लगेच साहेबांना फोन. म्हटलं, बघा, तुमच्या कृपेपायी वर म्हातारी उपाशी. साहेब म्हणाले, "खरंच की. आणतो मी." संध्याकाळी स्वतः पातेलं घेऊन जिना चढले. थोड्या वेळानं वरून आवाज – "हे कुणी केलंय? पाळकानं? मग आधी प्रार्थना करा, मी नंतर चमचा लावते!" सूप खाली लागलं होतं. वास आमच्या मजल्यापर्यंत येत होता. उपासात एवढं सुख मिळतं हे मला माहीत नव्हतं.

पण एक गोष्ट खुपतेय. साहेब गेल्यावर बंधुराज वर गेले. हातात काही नाही, रिकामे. आणि मावशींबरोबर पत्ते खेळत बसले. छतातून हसणं ऐकू येत होतं. मावशी हसतात? मी इतकी वर्षं सूप देते, मला कधी ऐकू आलं नाही. तसं मी उंबऱ्याच्या आत जात नाही म्हणा. भांडं ठेवायचं आणि पळायचं, पुढची कामं असतात.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

पकडली गेले!

चर्चच्या फाटकाशी गवत माजलंय. सहज वाकले, एक रोप उपटलं. मग दुसरं. मग हात थांबेचनात. तेवढ्यात मागून पाळकीणबाई – "काय करताय?" मी गवत पाठीमागे लपवलं. म्हटलं, "काही नाही, उभी आहे." मुळांची माती माझ्या चपलेवर पडत होती. त्यांनी चपलेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाल्या, "मी काही बघितलं नाही. काल मीही मालिकेचा अर्धा भाग बघितला." दोघी फाटकाला टेकून पोट धरधरून हसलो. बाई चांगल्या आहेत. इतके दिवस फक्त चहाच्या कपांबद्दल बोललो होतो.

मंगळवार, ३ मार्च

बंधुराज स्वतःचे कपडे स्वतः धुतात. मी दारातून चुका काढायला उभी राहिले, एकही सापडली नाही. पिळतो तर माझ्याहून कोरडे! बोटीवर शिकला म्हणे.

मग त्यानं चहा केला आणि मला आणून दिला. मी खुर्चीत, तो उभा, कप त्याच्या हातात. सगळं उलटंच! मला कसं बसावं ते कळेना. आधी तो बोलायला लागला की मला ओट्यावरचं काहीतरी आठवायचं. आता ओटा त्याच्या ताब्यात. उठायला निमित्त नाही. मग ऐकलं.

बोटीच्या इंजिनखोलीत इतका आवाज असतो की माणसं हातांनीच बोलतात. भूक लागली, पाना दे, साहेब आला – सगळं हातांनी. भांडणसुद्धा. शिव्या कशा देतात ते करून दाखवलं. एक शिवी अशी होती की मला हसू फुटलं आणि चहा नाकात गेला.

राग गेलेला नाही. लिहून ठेवते. हसले म्हणजे माफ केलं असं होत नाही.

गुरुवार, ५ मार्च

चहा बरा करतो. त्याला सांगणार नाही.

रविवार, ८ मार्च

साहेबांशी चांगलीच जुंपली.

मी शास्त्र घेऊन गेले होते. कामावाचून नुसता विश्वास काय कामाचा, असं सांगणाऱ्या जागा खुणा घालून ठेवल्या होत्या. साहेबांनी त्यांच्या खुणा काढल्या. मी एक वाचायचं, त्यांनी एक वाचायचं. पाळकीणबाई मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीनं मान वळवत होत्या. शेवटी साहेब म्हणाले, "दोन्ही खरं आहे. माझं भांडण तुमच्या कामांशी नाहीच. पण मला सांगा, भावाचे कपडे धुताना तुम्हाला काय दिसायचं? भाऊ दिसायचा का?"

"डाग दिसायचे," मी म्हटलं.

साहेबांना हसू आवरेना. मला मात्र रडू आलं, कुठून आलं कोण जाणे. म्हटलं, "साहेब, मी सगळं केलं. त्यानं काही केलं नाही. आणि टेबलावर दोघांना तोच पाव? हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच हो तो," साहेब म्हणाले. "म्हणून तर कृपा म्हणायचं. आणि न्यायाचा फार हट्ट नका धरू. मला तरी माझा न्याय व्हायला नकोय."

घरी येऊन तोफ बंधुराजांवर डागली. "तुला लाज नाही वाटत? काय केलंस म्हणून तुला मिळावं?"

"काहीच नाही केलं," तो म्हणाला. "लाज वाटते की. पण लाज वाटते म्हणून भरल्या ताटावरून उठू का? भूक लागलीय गं ताई."

खोलीत जाऊन दार आपटलं. जरा जोरातच आपटलं, कारण उत्तर सुचलं नव्हतं.

बुधवार, ११ मार्च

आज दवाखाना लवकर सुटला. घरी येते तर बंधुराज आणि मावशी स्वयंपाकघरात चहात पाव बुडवून खातायत. आणि माझी कवळी, मी केलेली, बशीत! साखरेच्या डब्याशेजारी!

मला बघून त्यानं ती उचलून अशी घाईनं तोंडात कोंबली की वरची खाली आणि खालची वर गेली. तसाच मला म्हणाला, "आलीफ ताई?" मावशी टेबलावर डोकं ठेवून हसायला लागल्या. मला खरंतर रागानं लाल व्हायचं होतं, पण त्याचं ते तोंड! मीही भिंत धरून हसले. मग विचारलं, कधीपासून काढून ठेवतोस?

मावशी म्हणाल्या, "अगं, तू घरात असलीस तरच लावतो. टोचते त्याला. हिरड्या बघ जरा, सोलून निघाल्यात."

गुरुवार, १२ मार्च

हिरड्या पाहिल्या. डाव्या बाजूला जखम. मला फार वाईट वाटलं.

"सांगितलं का नाहीस?" तर म्हणे, "तू एवढं केलंस. वर तक्रार कशी करू?"

चूक कुठे झाली ते बघताक्षणी कळलं. कवळी करताना दोन्ही जबड्यांत मेणाची कड घालतात आणि माणसाला बोलतं करतात. हवापाण्याचं, मुलाबाळांचं, काहीही. गप्पांत माणूस विसरतो, जबडा सैल सोडतो, मग वरचा-खालचा खरा कुठे जुळतो ते दिसतं. दवाखान्यात डॉक्टर प्रत्येकाशी गप्पा मारतात त्या काही हौसेनं नव्हे. याचं माप मी घरीच घेतलं, याच टेबलावर. "तोंड उघड. मीट. झालं." एक शब्द बोलू दिला नाही. दात आवळून बसला असणार बिचारा, आणि मी तसेच आवळलेले दात त्याला करून दिले.

शनिवार, १४ मार्च

साहेबांकडे गेले. विचारलं, भावाला नवी कवळी केली तर उपास मोडतो का?

साहेबांनी विचार केल्यासारखं केलं. "करताना आपण फार चांगल्या आहोत असं वाटेल का?"

"छे! लाज वाटतेय."

"मग ते सत्कृत्य नव्हे, दुरुस्ती आहे. खुशाल करा."

दारात पुन्हा हाक मारून म्हणाले, "आणि ते पितळाचं पॉलिश कुठलं वापरता हो तुम्ही?" सांगितलं नाही. उपास आहे माझा!

मंगळवार, १७ मार्च

दुपारी माप घेतलं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, उजेडात. तोंडात मेणाची कड, मी समोर खुर्ची टाकून. म्हटलं, बोल. "काय बोलू?" काहीही बोल, इतके दिवस बोलतोच आहेस!

तर आज नेमकं त्याला काही सुचेना. मग हळूच म्हणाला, "आई शेवटी काय म्हणाली?"

मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं ठरवलंच होतं. पण माप चालू, उठता येईना. सांगितलं.

तुझं नाव घेतलं, म्हटलं. मी उशाशी. तिचा हात माझ्या हातात. औषध मी दिलेलं, चादर मी बदललेली, केस मी विंचरलेले. आणि तिनं डोळे उघडून विचारलं, "धाकटा आला का?" माझं नाव नाही घेतलं रे. एकदाही नाही. मी तिथेच होते.

त्याच्या डोळ्यांतून पाणी, तोंडात मेण. मग म्हणाला, "तू होतीस ना तिथे. असलेल्या माणसाला कुणी हाक मारतं का? हाक नसलेल्याला मारतात."

मी उगाच मेणाची कड दाबून पाहिली.

"मी चुकलो ताई," तो म्हणाला. "आधी रजा मिळाली नाही. मग लाज वाटायला लागली. मग लाज इतकी वाढली की बोट बंदराला लागली तरी उतरवेना. तू मला काय म्हणशील याची भीती नव्हती. तू काही न म्हणता पाणी आणून देशील याची होती. आणि तसंच केलंस बघ!"

दोघंही रडत होतो आणि तेवढ्यात मला दिसलं – जबडा सैल सुटलाय, बरोब्बर जागेवर आलाय. ओरडले, "हलू नकोस! तसाच राहा!" तो रडता रडता हसायला लागला, मेण घसरलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण दुसऱ्या वेळी पटकन जमलं.

बुधवार, १८ मार्च

असलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. दिवसभर दात बसवताना हेच डोक्यात. आई, मला एवढं साधं कळलं नाही गं!

रविवार, २२ मार्च

नवी कवळी बसली. कुठे टोचत नाही, कुठे खटखट नाही. उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर बसून बंधुराजांनी सफरचंद खाल्लं, सगळ्यांना दाखवून. ऑर्गनवाले काका बघायला आले तर त्यांच्या खिशातून सिगारेटचं पाकीट पडलं. सगळ्यांनी सफरचंदाकडेच बघितलं.

वर मावशींकडेही गेलो, दोघं. मी रिकाम्या हातानं गेले. फार अवघडल्यासारखं झालं, रुमाल तरी न्यायला हवा होता असं वाटलं. पत्त्यांत हरले. मावशी लबाडी करतात! हे तर मला कळायलाच हवं होतं.

शनिवार, २८ मार्च

उद्या टेबल. पाळकीणबाई आणि काका मांडामांड करतायत. चादरीला इस्त्री केली असेल का? पाव पुरेल का? जाऊन बघावंसं वाटतंय. गेले नाही.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. एकदाही नाही. विचारलं असतं तर "नाही" तरी म्हणता आलं असतं. माझं अजून ठरत नाही. राग आता जुन्या कोटासारखा झालाय, अंगाला होत नाही पण टाकवत नाही.

रविवार, २९ मार्च

चादरीला मधोमध घडी होती. असो.

मंडळी बसायला लागली. मी सवयीनं दाराशी उभी, हात पुढे, पण कुणी ताट देईना. सगळी ताटं दुसऱ्यांच्या हातात. बंधुराज बाकाच्या टोकाला बसले होते, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला रिकामी जागा. कुणीतरी तिथे बसायला निघालं. मग मात्र मी जवळजवळ धावलेच! लोकांचे पाय तुडवत जाऊन बसले.

तो माझ्याकडे बघेना. मीही बघेना. पाव भिंतीच्या बाजूनंच सुरू झाला, साहेबांनी त्याच्या हातात दिला. लहानपणी पाव वाटून घ्यायचा झाला की हा मोठा तुकडा स्वतः घ्यायचा आणि पळायचा. आज मोठा मोडून माझ्यापुढे धरला. हाताला कपड्यांच्या साबणाचा वास. माझ्या हातात ताट नव्हतं, कप नव्हता, फडकं नव्हतं. घ्यावाच लागला.

घेतला. फार बरं वाटलं. दुसरं काही लिहिता येत नाही. इतकी वर्षं मी त्या टेबलाभोवती उभी होते. बसल्यावर दिसतं कसं, ते मला माहीतच नव्हतं.

मग मी उरलेला पाव मोडून पुढे दिला. पुढे मावशी होत्या. म्हणाल्या, "सूप कधी सुरू करतेस?"

बुधवार, १ एप्रिल

सकाळी आत नेला. जाताना म्हणाला, "आज एक एप्रिल. डॉक्टर छाती उघडून म्हणायचे, गंमत केली, काही झालंच नव्हतं!" नर्स हसली, मी नाही हसले.

आत नेताना कवळी काढून डबीत घालून माझ्याकडे दिली. बाहेरच्या बाकावर बसले. काहीही करता येत नाही. झाडणारीच्या हातातला मॉप ओढून घ्यावासा वाटला. साहेब आणि मावशी दोन्ही बाजूंना. साहेबांनी प्रार्थना केली. माझ्या तोंडून एवढंच निघालं – देवा, मी इतकं केलंय, म्हणून नव्हे. नुसतंच दे. मला माझा भाऊ दे.

डबी दोन्ही हातांत धरून बसले होते. घट्ट.

दुपारी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, झडप छान बसली. मावशींनी त्यांचा मुकाच घेतला!

शुक्रवार, ३ एप्रिल

त्यानं दोन घास खाल्ले. दात लावून.

रविवार, ५ एप्रिल

पुनरुत्थानाचा रविवार. उपास सुटला! सकाळी पहिलं काम पितळ घासलं, गाणं म्हणत घासलं. पितळ स्वच्छ व्हावं म्हणून. मावशींना सूप दिलं, आत बसून दिलं.

उपासनेनंतर साहेबांना म्हटलं, मानलं तुम्हाला, कल्पना वेडपट होती पण लागू पडली. साहेब कानापर्यंत लाल झाले. "आता लपवत नाही," म्हणाले. "कल्पना माझी नव्हती. जानेवारीत तुमच्या भावाला विचारलं, ऑपरेशनसाठी प्रार्थना करू का? तर म्हणाले – माझं देव बघून घेईल, तुम्ही ताईला जरा खाली बसवा. ती थांबतच नाही, आणि वेळ आहे तोवर मला तिच्याशी बोलायचंय. फक्त मी मागितलं असं सांगू नका, नाहीतर बसण्याचंही ती काम करेल."

तडक हॉस्पिटल गाठलं. तो झोपला होता. चादर सरकलेली, उशी वाकडी, पाण्याचा ग्लास रिकामा. माझा हात पुढे गेला. मागे घेतला. खुर्ची ओढून बसले.

त्यानं एक डोळा उघडला. "सुटला ना उपास? कर की काहीतरी."

"गप्प पड," म्हटलं. "बसलेय ना."